सूक्ष्म वाहिन्यांतील संहतीचा उतार : आखणी, नियंत्रण आणि पडताळणी

बोटाला काटा टोचल्यानंतर काही वेळातच त्या जागी लाली येते, सूज चढते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे गोळा होऊ लागतात. या पेशींना डोळे नसतात आणि वाट दाखवणारी मज्जासंस्थाही नसते. जखमी ऊतींमधून झिरपणारी रसायने जखमेजवळ दाट आणि दूरवर विरळ असतात. या दाट-विरळपणाच्या चढणीवरूनच पेशी आपली दिशा ठरवतात.

द्रावणातील एखाद्या पदार्थाच्या प्रमाणाला संहती म्हणतात. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना संहतीत होणाऱ्या क्रमिक बदलाला ‘संहती-प्रवणता’ किंवा सोप्या शब्दांत ‘संहतीचा उतार’ असे नाव आहे. हा उतार प्रयोगशाळेत हवा तसा निर्माण करणे, तो काही तास स्थिर राखणे आणि तो आखल्याप्रमाणेच आहे याची खात्री करून घेणे, हे मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजेच सूक्ष्म-द्रायुकी या शाखेचे एक प्रमुख कार्य बनले आहे. केसाच्या जाडीएवढ्या वाहिन्यांतून द्रव खेळवणाऱ्या या शाखेची उपकरणे आता केवळ विद्यापीठांपुरती राहिलेली नाहीत. भारतात मार्च २०२३ मध्ये ‘नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९’ यांत दुरुस्ती झाली आणि प्राण्यांवरील चाचण्यांना पर्याय म्हणून पेशींवर आधारित चाचण्या तसेच ‘चिपवरील अवयव’ यांसारख्या पद्धतींना नियमांत स्थान मिळाले. औषधाविषयीचा निष्कर्ष चिपमधील पेशींवरून काढायचा असेल, तर त्या पेशींपर्यंत नेमके किती औषध पोहोचले हा प्रश्न निर्णायक ठरतो.

उताराचे महत्त्व

सजीवांच्या शरीरात सर्वत्र सारखी संहती क्वचितच आढळते. फळमाशीच्या अंड्यात ‘बायकॉइड’ नावाचे प्रथिन एका टोकाला दाट असते आणि दुसऱ्या टोकाकडे विरळ होत जाते. अंड्याचा कोणता भाग डोके होणार आणि कोणता धड, हे या उतारावरून ठरते. वोल्फगांग ड्रीवर आणि ख्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोल्हार्ड यांनी १९८८ मध्ये हे दाखवून दिले. भ्रूणाच्या प्रारंभिक वाढीवरील संशोधनासाठी न्यूस्लाइन-फोल्हार्ड यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कर्करोगाच्या गाठीत रक्तवाहिनीपासून जसजसे दूर जावे तसतसा ऑक्सिजन कमी होत जातो आणि औषधही कमी पोहोचते. जिवाणू अन्नाच्या दिशेने पोहतात आणि विषारी पदार्थांपासून दूर जातात.

रसायनाच्या उताराला अनुसरून पेशींनी हालचाल करण्याच्या या क्रियेला रसायन-अनुचलन म्हणतात. ही क्रिया सर्व पेशींत एकाच रीतीने घडत नाही. एक-दोन मायक्रोमीटर लांबीचा जिवाणू आपल्या दोन टोकांमधील फरक मोजत बसत नाही. तो काही क्षणांपूर्वीची संहती आणि आताची संहती यांची तुलना करतो. सुमारे १० मायक्रोमीटर आकाराची पांढरी पेशी मात्र आपल्या पुढच्या आणि मागच्या बाजूंमधील फरक ओळखते. सॅली झिगमंड यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार पेशीच्या दोन टोकांमधील संहतीत सुमारे १ टक्क्याचा फरक असला तरी तो या पेशींना पुरेसा असतो. इतक्या बारीक फरकाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींचा अभ्यास ढोबळ उतारावर करता येत नाही, कारण उतारातील चूक आणि पेशीचे वर्तन वेगळे काढणे अशक्य होते.

चिपपूर्वीची साधने

रसायनांकडे ओढल्या जाणाऱ्या पेशींचा अभ्यास जुना आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८८० च्या दशकात बारीक काचनळीत रसायन भरून तिच्या तोंडाशी पेशी जमतात का, हे पाहिले होते. १९६२ मध्ये स्टीफन बॉयडन यांनी दोन कप्प्यांमध्ये सच्छिद्र पडदा बसवलेले पात्र वापरले. खालच्या कप्प्यात रसायन आणि वरच्या कप्प्यात पेशी ठेवून किती पेशी पडद्याच्या छिद्रांतून पलीकडे जातात, हे मोजण्याची ती पद्धत आजही वापरात आहे. झिगमंड यांच्या १९७७ च्या पात्रात दोन खाचांच्या मधील अरुंद पट्टीवर पेशींची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येऊ लागली.

रुग्णालयांत रोज वापरली जाणारी एक चाचणीही मुळात उतारावरच उभी आहे. लघवी किंवा पू यांच्या ‘कल्चर’ तपासणीनंतर कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे पाहण्यासाठी जिवाणू पसरलेल्या आगर-थरावर औषधाच्या चकत्या ठेवल्या जातात. औषध चकतीतून बाहेर पसरते, तेव्हा चकतीजवळ ते दाट आणि दूर विरळ असते. जिवाणू वाढू न शकलेल्या वर्तुळाचा व्यास मोजून औषधाची परिणामकारकता ठरवली जाते. बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या चाचणीची प्रमाणित रीत मांडली. चकतीतील औषधाचे प्रमाण, आगरच्या थराची जाडी आणि जिवाणूंची सुरुवातीची संख्या ठरवून दिलेली असते. यांतील एखादी बाब बदलली तरी वर्तुळाचा व्यास बदलतो आणि निष्कर्ष चुकू शकतो.

या जुन्या साधनांची मोठी अडचण अशी, की त्यांतील उतार सतत बदलत राहतो. दाट बाजूचे रसायन ओसरत जाते, विरळ बाजूचे वाढत जाते आणि काही वेळाने दोन्ही बाजू सारख्या होतात. उताराचा आकार संशोधकाला हवा तसा ठरवताही येत नाही. या दोन्ही अडचणींवर उपाय सापडला तो द्रवाला अतिशय अरुंद वाहिनीत नेल्यानंतर.

अरुंद वाहिनीतील द्रवाचे वर्तन

चहात साखर घालून चमचा फिरवला की ती क्षणात सर्वत्र पसरते, कारण ढवळल्याने द्रवात भोवरे निर्माण होतात. केसाएवढ्या वाहिनीत भोवरे टिकत नाहीत. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून प्रवाहाचे दोन प्रकार दाखवले होते. संथ प्रवाहात ती धार सरळ राहते, तर वेग वाढला की विस्कटते. प्रवाह कोणत्या प्रकारचा असेल हे सांगणारा ‘रेनॉल्ड्स अंक’ द्रवाचे जडत्व आणि त्याची श्यानता, म्हणजे चिकटपणा, यांचे गुणोत्तर दर्शवतो. नळीतील प्रवाह साधारणतः हा अंक २००० च्या आसपास गेल्यावर विस्कळीत होऊ लागतो. १०० मायक्रोमीटर रुंदीच्या वाहिनीत पाणी सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने वाहत असेल, तर हा अंक अवघा ०.१ भरतो. अशा वाहिनीत दोन द्रव शेजारी-शेजारी सोडले, तर ते न ढवळता दोन पट्ट्यांसारखे पुढे सरकतात. याला स्तरीय प्रवाह म्हणतात.

मिसळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे विसरण. रेणूंच्या स्वैर हालचालीमुळे पदार्थ दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरतो. त्याचा मूलभूत नियम अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडला. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या शोधनिबंधानुसार स्वैर हालचालीने रेणू जितके अंतर कापतो, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. म्हणजे अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो.

प्रत्यक्ष आकडे पाहिले की याचा अर्थ स्पष्ट होतो. फ्लुओरेसीनसारख्या लहान रेणूच्या रंगद्रव्याचा पाण्यातील विसरण-गुणांक सुमारे ५०० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद असतो. या हिशेबाने १०० मायक्रोमीटर अंतर पसरण्यास सुमारे १० सेकंद, १ मिलिमीटरला सुमारे १७ मिनिटे आणि १ सेंटिमीटरला २७ तासांहून अधिक काळ लागतो. रक्तद्रवातील अल्ब्युमिनसारखे मोठे प्रथिन याहून संथपणे पसरते. त्याला १०० मायक्रोमीटरसाठी सुमारे ८० सेकंद लागतात. वाहिनीची रुंदी, लांबी आणि प्रवाहाचा वेग ठरवला की रसायन कोठे किती मिसळेल याचे गणित आधीच मांडता येते. संहतीवर नियंत्रण ठेवण्याची सारी शक्यता यातूनच निर्माण होते.

झाडाच्या आकाराचे जाळे

उतार निर्माण करण्याची सर्वाधिक परिचित रचना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेत विकसित झाली. नू ली जिऑन आणि सहकाऱ्यांनी ती २००० मध्ये प्रसिद्ध केली. वरून खाली फांद्या पसरत जाणाऱ्या या जाळ्याला त्याच्या आकारावरून ‘ख्रिसमस वृक्ष’ असे नाव पडले. सिलिकॉन रबराचा एक प्रकार असलेल्या पॉलिडायमिथिलसिलॉक्सेन या पारदर्शक पदार्थात, म्हणजे पीडीएमएसमध्ये, अशा वाहिन्या ओतीव पद्धतीने तयार करता येतात. एकदा साचा तयार झाला की त्यावरून अनेक प्रती काढता येतात.

या जाळ्याची रीत सोपी आहे. वर दोन प्रवेशद्वारे असतात. एकातून रसायनविरहित द्रव, म्हणजे ० टक्के, आणि दुसऱ्यातून पूर्ण संहतीचा द्रव, म्हणजे १०० टक्के, आत येतो. पहिल्या पातळीवर हे दोन प्रवाह तीन वाहिन्यांत विभागले जातात. कडेच्या दोन वाहिन्यांत मूळचेच द्रव जातात. मधल्या वाहिनीत दोन्ही द्रव निम्मे-निम्मे येतात, त्यामुळे तेथे ५० टक्के संहती तयार होते. दुसऱ्या पातळीवर तीन प्रवाहांचे चार होतात आणि त्यांत ०, ३३.३, ६६.७ आणि १०० टक्के अशी संहती मिळते. तिसऱ्या पातळीवर पाच प्रवाहांत ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के अशा पायऱ्या बनतात. शेवटी हे सर्व प्रवाह एका रुंद वाहिनीत शेजारी-शेजारी सोडले जातात. तेथे पायऱ्यांच्या कडा विसरणाने बोथट होतात आणि अखंड उतार तयार होतो.

प्रत्येक पातळीवरील वाहिन्या नागमोडी असतात. दोन द्रव पुरते मिसळण्यास जो वेळ लागतो तो मिळण्यासाठी पुरेशी लांबी हवी असते आणि ती लहान जागेत बसवायची असते. १०० मायक्रोमीटर रुंद वाहिनीत सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने जाणाऱ्या लहान रेणूंना १० सेकंद हवे असतील, तर वाहिनीची लांबी किमान १ सेंटिमीटर असावी लागते. याच जाळ्यातून अल्ब्युमिन पाठवायचे असल्यास लांबी ८ सेंटिमीटरच्या पुढे न्यावी लागेल किंवा वेग आठपट कमी करावा लागेल. रंगद्रव्यासाठी अचूक ठरलेली चिप प्रथिनासाठी अपुरी ठरते, ती या कारणाने.

शेवटच्या रुंद वाहिनीत मात्र गणित उलटे असते. तेथे मिसळणे टाळायचे असते. १ मिलिमीटर रुंदीच्या वाहिनीत संहती सर्वत्र सारखी होण्यास लहान रेणूंना सुमारे १७ मिनिटे लागतात, तर १ सेंटिमीटर लांबीचा भाग ओलांडण्यास द्रवाला १० सेकंदच पुरतात. तेवढ्या वेळात पायऱ्या बोथट होतात, पण एकंदर उतार शाबूत राहतो. नवा द्रव सतत येत असल्यामुळे उतार ओसरत नाही. प्रवाह सुरू असेपर्यंत तो तसाच राहतो. याच हार्वर्ड गटाने २००१ मध्ये प्रवेशद्वारांची संख्या आणि जाळ्यांची जोडणी बदलून सरळ रेषेऐवजी वक्र, टेकडीसारखे किंवा दातेरी उतारही मिळवले.

उताराचा आकार हा केवळ सोयीचा भाग नसतो. समजा, ५०० मायक्रोमीटर अंतरात संहती ० पासून १०० पर्यंत सरळ रेषेत वाढते. १० मायक्रोमीटरच्या पेशीच्या दोन टोकांमध्ये सर्वत्र २ एककांचा फरक पडेल. संहती ५० असेल तेथे हा फरक ४ टक्के आहे. ९० असेल तेथे तो सुमारे २.२ टक्केच उरतो. म्हणजे एकाच उतारावर वेगवेगळ्या जागी उभ्या असलेल्या पेशींना मिळणारा इशारा सारखा नसतो. सर्वत्र सारखा सापेक्ष फरक हवा असेल, तर सरळ रेषेऐवजी घातांकी वक्राचा उतार आखावा लागतो.

कड्यावर थांबलेल्या पेशी

नियंत्रित उताराने जीवशास्त्राला काय दिले, याचे एक स्पष्ट उदाहरण २००२ मध्ये समोर आले. जिऑन, व्हाइटसाइड्स आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना इंटरल्यूकिन-८ या संदेशवाहक प्रथिनाच्या वेगवेगळ्या आकारांच्या उतारांवर सोडले. सरळ चढणीवर पेशी अपेक्षेप्रमाणे दाट बाजूकडे सरकल्या. चढणीनंतर संहती एकदम शून्यावर येणाऱ्या ‘कड्या’पाशी त्या थबकल्या. संहती हळूहळू वाढून हळूहळू उतरणाऱ्या ‘टेकडी’वर मात्र त्या शिखर ओलांडून पलीकडे गेल्या आणि काही अंतर चालून मग मागे वळल्या. पेशी केवळ त्या क्षणीच्या सर्वाधिक संहतीकडे धाव घेतात, इतकी साधी समजूत या वर्तनाला पुरत नाही. जुन्या पात्रांत ‘कडा’ किंवा ‘टेकडी’ आखण्याची सोयच नसल्याने हा फरक त्यांत दिसू शकला नसता.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या अभ्यासातही उताराने महत्त्वाची भर घातली. प्रिन्स्टन विद्यापीठातील रॉबर्ट ऑस्टिन यांच्या गटाने २०११ मध्ये एकमेकांना जोडलेल्या सुमारे १,२०० षटकोनी सूक्ष्म कप्प्यांची चिप वापरली. तिच्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा उतार राखला गेला. सुमारे १०० ई. कोलाय जिवाणूंपासून सुरुवात करूनही १० तासांच्या आत औषधाला प्रतिकार करणारे जिवाणू त्या चिपमध्ये स्थिरावले. सर्वत्र सारखी आणि पुरेशी तीव्र मात्रा असेल, तर जिवाणू वाढण्याआधीच मरतात. उतारावर मात्र सौम्य मात्रेच्या जागी ते तगून राहतात. त्यांतील एखाद्यात अनुकूल जनुकीय बदल झाला की शेजारच्या, थोड्या अधिक तीव्र मात्रेच्या कप्प्यात त्याला स्पर्धकच उरत नाही. शरीरातही औषध सर्व ऊतींत सारखे पोहोचत नाही. त्यामुळे हा निष्कर्ष प्रयोगशाळेपुरता मर्यादित समजला जात नाही.

प्रवाहाची किंमत

वाहत्या द्रवातील उतार स्थिर असला तरी त्याला एक किंमत मोजावी लागते. वाहिनीच्या तळाला चिकटलेल्या पेशीवरून द्रव सतत घसरत जातो आणि तिला प्रवाहाच्या दिशेने ओढतो. या ओढीला कर्तन प्रतिबल म्हणतात. प्रवाह जोराचा असेल, तर पेशी रसायनाच्या चढणीकडे जात आहे की पाण्याच्या रेट्याने सरकत आहे, हे सांगणे कठीण होते. पोहणारे जिवाणू तर वाहूनच जातात. शिवाय पेशी स्वतः जे संदेशवाहक रेणू सोडतात, तेही प्रवाहाबरोबर धुतले जातात. शेजारच्या पेशींशी होणारा त्यांचा संवाद तुटतो आणि प्रयोगातील परिस्थिती शरीरापेक्षा वेगळी बनते.

यावर उपाय म्हणून केवळ विसरणावर चालणारी उपकरणे पुढे आली. त्यांत तीन समांतर वाहिन्या असतात. एका कडेच्या वाहिनीतून रसायन वाहते. त्याला स्रोत म्हणतात. दुसऱ्या कडेच्या वाहिनीतून शुद्ध द्रव वाहतो आणि आलेले रसायन वाहून नेतो. त्याला निचरा म्हणता येईल. मधल्या वाहिनीत पेशी असतात आणि तेथे प्रवाह नसतो. मधल्या भिंती सच्छिद्र पडद्याच्या किंवा ॲगारोजसारख्या जेलच्या असतात. त्यांतून रेणू पसरतात, पण द्रव वाहत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील मिंगमिंग वू यांच्या गटाने २००७ मध्ये जेलवर आधारलेले असे उपकरण जिवाणू आणि पांढऱ्या पेशींसारख्या पेशी या दोहोंसाठी वापरून दाखवले. स्रोत आणि निचरा कायम राहिले की मधल्या भागात सरळ रेषेचा उतार स्थिरावतो.

येथेही वेळेचा हिशेब सुटत नाही. ५०० मायक्रोमीटर अंतरात लहान रेणूंचा उतार स्थिर होण्यास चार-पाच मिनिटे, तर अल्ब्युमिनसारख्या प्रथिनाचा उतार स्थिर होण्यास अर्ध्या तासाहून अधिक काळ लागतो. त्याआधी घेतलेली निरीक्षणे अपूर्ण उतारावरची असतात. उलट, वाहत्या जाळ्यात उतार काही सेकंदांत बदलता येतो. पेशींना अचानक बदल दाखवून त्यांचा प्रतिसाद पाहायचा असेल तर प्रवाहावर आधारलेली रचना उपयुक्त ठरते. दीर्घकाळ, शांत वातावरणात पेशी वाढवायच्या असतील तर विसरणावर आधारलेली रचना योग्य असते. कोणतीही एक रचना सर्व कामांसाठी श्रेष्ठ नाही.

नियंत्रण कोठे निसटते

कागदावरील आराखडा आणि प्रत्यक्ष चिप यांत अंतर पडते, त्याची कारणे बहुधा साधी असतात.

पहिले कारण वाहिनीची उंची. उथळ आणि रुंद वाहिनीचा प्रवाहाला होणारा विरोध उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. साचा तयार करताना उंची १० टक्क्यांनी कमी झाली, तर विरोध सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. झाडाच्या जाळ्यात प्रत्येक फांदीला ठरलेला वाटा मिळणे आवश्यक असते. एका फांदीचा विरोध बदलला की पुढील सर्व पायऱ्या चुकतात. वाहिनीत अडकलेला हवेचा एक बुडबुडाही हेच करतो.

दुसरे कारण दाब. सिरिंज पंपाच्या मोटारीचे बारीक हिसके संथ प्रवाहात स्पष्ट जाणवतात. केवळ १ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभानेही सुमारे ९८ पास्कल दाब पडतो. विसरणावर चालणाऱ्या चिपमध्ये दोन बाजूंच्या टाक्यांतील द्रवाची पातळी किंचित वेगळी असली, तरी मधल्या ‘शांत’ भागातून प्रवाह सुरू होऊ शकतो.

तिसरे कारण तापमान. २० अंश सेल्सियसला मोजलेला विसरण-गुणांक ३७ अंशांना लागू होत नाही. पाण्याची श्यानता या दोन तापमानांमध्ये सुमारे ३० टक्क्यांनी घटते आणि विसरण जवळपास दीडपट वेगाने होते. खोलीच्या तापमानाला पारखलेली चिप शरीराच्या तापमानाला वापरायची असेल, तर पारख पुन्हा करावी लागते. ऋतूनुसार प्रयोगशाळेच्या खोलीचे तापमान मोठ्या प्रमाणात बदलणाऱ्या ठिकाणी ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

चौथे कारण चिपचा पदार्थच असू शकतो. पीडीएमएस पारदर्शक, लवचीक आणि वायूंना पार होऊ देणारे असल्याने पेशींसाठी सोयीचे आहे. मात्र पाण्यापासून दूर राहणारे, तेलकट स्वभावाचे लहान रेणू त्यात शोषले जातात. मायकेल टोप्के आणि डेव्हिड बीब यांनी २००६ मध्ये याकडे लक्ष वेधले होते. अनेक औषधे याच स्वभावाची असतात. प्रवेशद्वारातून ठरलेली मात्रा सोडली, तरी भिंतींनी तिचा काही भाग शोषल्यास पेशींपर्यंत कमी औषध पोहोचते. अशा वेळी पेशी जिवंत राहिल्या, तर औषध निष्प्रभ आहे किंवा विषारी नाही असा चुकीचा निष्कर्ष निघण्याची शक्यता असते. अशा औषधांसाठी काच किंवा अन्य प्लास्टिक वापरणे, किंवा बाहेर पडणाऱ्या द्रवातील औषध मोजणे हे उपाय आहेत.

पाचवे कारण पडताळणीतच दडलेले असते. उतार प्रत्यक्ष दिसत नाही. तो पाहण्यासाठी चमकणारे रंगद्रव्य सोडून सूक्ष्मदर्शकाने त्याची तीव्रता मोजतात. परंतु रंगद्रव्याचा उतार म्हणजे औषधाचा उतार नव्हे. दोघांच्या रेणूंचा आकार वेगळा असेल, तर त्यांच्या पसरण्याचा वेगही वेगळा असतो आणि भिंतीत शोषले जाण्याचे प्रमाणही. म्हणून अभ्यासाच्या रेणूएवढ्याच आकाराचा, चमक जोडलेला रेणू निवडला जातो किंवा शक्य असल्यास त्या रेणूलाच चमक जोडली जाते.

भारतातील संदर्भ

सूक्ष्म वाहिन्यांतील द्रवांवर भारतात गेली अनेक वर्षे संशोधन सुरू आहे. आयआयटी खरगपूर येथील सुमन चक्रवर्ती यांना सूक्ष्म आणि अतिसूक्ष्म पातळीवरील द्रवप्रवाहांच्या अभ्यासासाठी २०२२ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. अल्प खर्चाच्या रोगनिदान उपकरणांसाठीही त्यांचा गट परिचित आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अमोल कुलकर्णी यांना २०२० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. सूक्ष्म अभिक्रियापात्रांची रचना हा त्यांच्या कार्याचा प्रमुख भाग आहे. या पात्रांत उद्देश उतार राखण्याच्या नेमका उलट असतो. दोन रसायने शक्य तितक्या लवकर आणि सर्वत्र सारखी मिसळावीत, म्हणजे अभिक्रिया सुरक्षित आणि एकसारखी होते. मिसळवणे आणि न मिसळू देणे, ही दोन्ही कामे वाहिनीची रुंदी, लांबी, वेग आणि विसरण यांच्या एकाच गणितावर चालतात.

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायदेबदलाने नव्या औषधांसाठी प्राण्यांवरील चाचण्यांची सक्ती दूर झाली. भारताची नियमदुरुस्ती त्यानंतर काही महिन्यांत आली. दोन्ही देशांत प्राण्यांवरील चाचण्या पूर्णपणे थांबलेल्या नाहीत. चिपवर मिळालेल्या निष्कर्षांवर किती भिस्त ठेवायची, हे दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तोच प्रयोग केल्यास तोच परिणाम मिळतो का, यावर अवलंबून राहील. आगरवरील चकतीची चाचणी जगभर विश्वासार्ह मानली जाते, ती तिच्यातील प्रत्येक बाब ठरवून दिल्यामुळे. चिपमधील उतारालाही त्याच वाटेने जावे लागणार आहे.

त्यासाठी प्रयोगाच्या नोंदीत काही गोष्टी नेमकेपणाने याव्या लागतात. वाहिनीची रुंदी आणि मोजलेली उंची, प्रवाहाचा वेग, प्रयोगाचे तापमान, अभ्यासाच्या रेणूचा विसरण-गुणांक, उतार स्थिर होण्यास दिलेला वेळ, पडताळणीसाठी वापरलेला रेणू आणि चिपच्या पदार्थाने औषध शोषले का याची तपासणी, या त्यांतील प्रमुख बाबी होत. प्रवेशद्वाराशी सोडलेली मात्रा कितीही काळजीपूर्वक मोजली, तरी ती पेशीला मिळालेली मात्रा ठरत नाही. या दोहोंमधील वाटेचा हिशेब नोंदीत आला, तरच चिपमधील पेशीच्या प्रतिसादावरून औषधाविषयी काही सांगता येते.